तुमचे प्रश्न : झारच्या रशियातले क्रांतिकारक

गेल्या अंकात मी ९ जानेवारी १९०५च्या रविवारबद्दल लिहिलं होतं. पाद्री गापोनच्या मागून हजारो कामगार देवाच्या आणि झारच्या तसबिरी घेऊन सेंट पीटर्सबर्गच्या हिवाळी राजवाड्याकडे अर्ज द्यायला निघाले आणि सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, एवढाच त्या लेखाचा आवाका होता. त्यावर आलेली पत्रं बहुतेक त्याच्या आगेमागे काय घडलं हे विचारणारी आहेत. रशियाचा इतिहास मी नोकरीभर शिकवला आणि निवृत्तीनंतरही हा विषय सुटलेला नाही, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत. रशियातल्या घटनांच्या तारखा जुन्या रशियन पंचांगाच्या आहेत. ते पंचांग आपल्या तारखेच्या एकोणिसाव्या शतकात १२ आणि विसाव्या शतकात १३ दिवस मागे चालत असे.

निफाडहून एक द्राक्ष बागायतदार विचारतात : १८६१ साली झार दुसऱ्या अलेक्झांडरने भूदासांना मोकळं केलं, असं आम्ही शाळेत शिकलो. मग वीस वर्षांनी त्यालाच बॉम्बने का मारलं? एवढे उपकार विसरले का शेतकरी?

मारणारे शेतकरी नव्हते, हे आधी सांगतो. शेतकऱ्यांची झारवर श्रद्धाच होती. पण त्या मुक्तीचा हिशेब मांडून बघू. भूदास मोकळा झाला, मात्र पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन त्याला विकत घ्यावी लागली. जमीनदाराला बहुतेक रक्कम सरकारने आधी चुकती केली आणि शेतकऱ्याने ती वर्षाला सहा टक्के या दराने ४९ वर्षं सरकारला फेडायची. बऱ्याच भागांत भाव बाजारापेक्षा चढा लावलेला. त्यातून कुरण, पाणवठा, रान असे मोक्याचे तुकडे अनेक ठिकाणी जमीनदारांनी स्वतःकडे ठेवले. हप्त्याला अख्खी गावकी बांधलेली होती; एकाने थकवलं की बोजा बाकीच्यांच्या डोक्यावर. कुणाला जामीन राहून पस्तावला असाल, तर तुम्हाला हे वेगळं समजावून सांगायला नको. परगावी मजुरीला जायचं तरी परवाना लागे, कारण माणूस गेला की हप्ता भरणारे हात कमी होत.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये कझान प्रांतातल्या बेझ्दना गावी अंतोन पेत्रोव्ह नावाच्या शेतकऱ्याने मुक्तीचा जाहीरनामा वाचला आणि गावाला सांगितलं, की झारने पुरी मुक्ती दिली आहे, जमीनदार ती लपवून ठेवताहेत. हजारो लोक त्याच्या झोपडीभोवती जमले. सैन्याने गोळीबार केला, माणसं मेली, आणि पेत्रोव्हला पुढे गोळ्या घालून ठार केलं.

शहरात शिकणाऱ्या मुलांना हे सगळं दिसत होतं. १८७४च्या उन्हाळ्यात ती शेकड्यांनी खेड्यांकडे निघाली. कुणी चांभारकाम शिकून घेतलं, कुणी सुतारकाम, अंगावर खेडुती कपडे. शेतकऱ्यांनी कुठे ऐकून घेतलं, कुठे त्यांना पोलिसांच्या हवाली केलं. मोठी धरपकड झाली. त्यातल्या १९३ जणांवर खटला उभा राहायला १८७७चा ऑक्टोबर उजाडला आणि तोवर अनेक जण कच्च्या कैदेत होते. काही तिथेच मेले, काहींना वेड लागलं. निकालात निम्म्याच्या आसपास आरोपी निर्दोष सुटले, आणि त्यांतल्या बहुतेकांना सरकारने नुसत्या हुकमाने पुन्हा हद्दपार केलं. माझ्या मते पुढचं सगळं इथून सुरू होतं. कोर्टाने सोडलेल्या मुलाला सरकार घरी जाऊ देत नसेल, तर त्याने कायद्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

जानेवारी १८७८मध्ये व्हेरा झासुलिच या तरुणीने राजधानीचा शहरप्रमुख जनरल त्रेपोव्ह याच्यावर त्याच्याच कचेरीत गोळी झाडली. टोपी काढली नाही म्हणून त्रेपोव्हने एका राजकीय कैद्याला फटके मारवले होते. ज्यूरीने झासुलिचला निर्दोष ठरवलं. सरकारने यावर उपाय काय केला? असे खटले ज्यूरीकडून काढून घेतले आणि लष्करी कोर्टांकडे सोपवले. पुढच्याच वर्षी ‘जमीन आणि स्वातंत्र्य’ ही गुप्त संघटना फुटली. प्लेखानोव्ह आणि त्याचे सोबती म्हणाले, आपण प्रचारच करत राहू. बाकीच्यांनी ‘नरोदनाया वोल्या’ (जनतेची इच्छा) स्थापन केली आणि थेट झारवर नेम धरला.

त्यांनी काम कसं केलं याचा एक नमुना सांगतो. १८८१च्या सुरुवातीला पीटर्सबर्गच्या मालाया सादोवाया रस्त्यावर, तळघरात, कोबोझेव्ह नावाच्या जोडप्याने चीजचं दुकान थाटलं. दोघंही पक्षाचे, नाव खोटं. झार दर रविवारी फौजेची पाहणी करायला जाई आणि बहुतेक वेळा या रस्त्याने जाई. दुकानात दिवसा चीज विकायचं आणि रात्री मागच्या खोलीतून रस्त्याखाली बोगदा खणायचा. निघालेली माती पिंपांत भरून ठेवायची. शेजारच्या दुकानदारांना संशय आला, कारण या माणसाला धंद्यातलं काही कळत नव्हतं. शेवटी एक लष्करी इंजिनिअर आरोग्य तपासणीच्या बहाण्याने आला. त्याने भिंतीच्या लाकडी फळ्या ठोकून पाहिल्या आणि पिंपांजवळ ओल का आली म्हणून विचारलं. दुकानदार म्हणाला, सणाच्या दिवशी आंबट साय सांडली. इंजिनिअर गेला. पिंप कुणी उघडून पाहिलं नाही.

१ मार्चला झार त्या रस्त्याने गेलाच नाही, कॅथरीन कालव्याच्या काठाने परतला. तिथे सोफिया पेरोव्स्कायाने रुमाल हलवून इशारा केला. रिसाकोव्हच्या पहिल्या बॉम्बने गाडी मोडली, झार वाचला. जखमींना बघायला तो खाली उतरला आणि ग्रिनेविएत्स्कीने दुसरा बॉम्ब त्याच्या पायाशी टाकला. दोघंही त्यातच गेले. त्याच सकाळी झारने लोरिस-मेलिकोव्हच्या आराखड्याला संमती दिली होती. कायदे करताना निवडून आलेल्या थोड्या लोकांचा नुसता सल्ला घ्यायचा, इतकंच त्यात होतं. पण रशियात तेवढंही कधी नव्हतं. नव्या झारने, तिसऱ्या अलेक्झांडरने, तो गुंडाळला. त्या दिवशी नरोदनाया वोल्याने आपल्याच देशाचं मोठं नुकसान केलं, असं मी मानतो.

पण त्यांना रक्ताची चटक लागली होती, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. झारला मारल्यावर दहाव्या दिवशी त्यांनी नव्या झारला उघड पत्र लिहिलं : राजकीय कैद्यांना माफी द्या, मोकळ्या निवडणुका घ्या, आम्ही हत्यार खाली ठेवतो. त्याच वर्षी अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांची हत्या झाली तेव्हा याच संघटनेने तिचा जाहीर निषेध केला. जिथे लोकांना मतस्वातंत्र्य आहे तिथे राजकीय खुनाला जागा नाही, ही त्यांची भूमिका होती. सरकारचं उत्तर आलं ऑगस्टमध्ये. खटल्याशिवाय हद्दपार करण्याचे, सभा आणि वर्तमानपत्रं बंद करण्याचे अधिकार देणारा कायदा तीन वर्षांसाठी म्हणून आला, आणि वाढवत वाढवत १९१७पर्यंत राहिला.

कोल्हापूरहून एक विद्यार्थिनी विचारते : या चळवळीत इतक्या बायका कशा? त्या काळी तर आपल्याकडेच काय, युरोपातही बायका राजकारणात नव्हत्या.

खरंच खूप होत्या. नरोदनाया वोल्याच्या कार्यकारी समितीत जवळपास एक तृतीयांश स्त्रिया होत्या. रशियन विद्यापीठांची दारं मुलींना बंद, म्हणून त्या झुरिकला जाऊन शिकत होत्या. १८७३मध्ये सरकारने फर्मान काढलं, की झुरिक सोडा, नाहीतर रशियात परीक्षा आणि नोकरी विसरा. व्हेरा फिग्नर तिथे वैद्यकी शिकत होती. पदवी हाताशी आली असताना ती सोडून परतली आणि खेड्यांत रोगी तपासू लागली. तिथून ती कार्यकारी समितीत गेली. पुढे तिला फाशी सुनावली, मग जन्मठेप. श्लिसेलबर्गच्या किल्ल्यात तिने वीस वर्षं काढली.

पेरोव्स्कायाचे वडील एके काळी पीटर्सबर्गचे गव्हर्नर होते. बापाशी पटेना म्हणून ती सतराव्या वर्षी घरातून निघाली. ३ एप्रिल १८८१ला तिला चार पुरुषांबरोबर जाहीर फाशी दिली तेव्हा ती २७ वर्षांची होती. राजकीय गुन्ह्यासाठी फाशी गेलेली ती रशियातली पहिली स्त्री. खटल्याआधी तिने आईला लिहिलेलं पत्र मी वर्गात नेहमी सांगत असे. त्यात तिने आईची समजूत घातली आहे, आणि शेवटी मागितलंय काय, तर एक कॉलर आणि बटणांच्या बाह्यपट्ट्या. कोर्टात नीटनेटकं उभं राहायचं होतं तिला.

सहाव्या आरोपीचं, गेस्या गेल्फमानचं, नाव फारसं कुणी घेत नाही. ती गरोदर होती म्हणून फाशी लांबवली आणि पुढे युरोपातल्या ओरड्यामुळे शिक्षा बदलली. तुरुंगात बाळंत झाल्यावर तिचं मूल काढून घेतलं आणि थोड्याच दिवसांत ती मेली. मला तिची गोष्ट सर्वांत जास्त लागते.

अहिल्यानगरहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक तरुण : समाजवादी क्रांतिकारी आणि सोशल डेमोक्रॅट यांतला फरक पाच मुद्द्यांत द्यावा.

मुद्दे तुझ्या गाइडमध्ये असतील. ते पाठ करण्याआधी एक आकडा लक्षात ठेव. १८९७च्या खानेसुमारीत रशियन साम्राज्याची लोकसंख्या साडेबारा कोटींच्या वर होती आणि तिच्यातले तीन चतुर्थांशांहून जास्त लोक शेतकरी वर्गात मोडत होते. क्रांती या लोकांच्या बळावर करायची, की नव्या गिरण्या-कारखान्यांतल्या मूठभर कामगारांच्या, हा खरा वाद. समाजवादी क्रांतिकारी, म्हणजे एसआर, म्हणाले : खेड्यात गावकी आहे, ती आजही ठरावीक काळाने जमीन घरटी वाटून देते, तोच समाजवादाचा पाया. जमीन कुणाच्या मालकीची नको, कसणाऱ्याला कसण्यापुरती मिळावी. व्हिक्टर चेर्नोव्ह त्यांचा विचारवंत. जुन्या नरोदनाया वोल्याचा वारसा त्यांनी चालवला, बॉम्बसकट.

सोशल डेमोक्रॅट म्हणजे मार्क्सवादी. प्लेखानोव्ह आणि झासुलिच यांनी १८८३मध्ये जिनिव्हात पहिला रशियन मार्क्सवादी गट काढला. (हो, तीच झासुलिच. ती पुढे दहशतवादाच्या ठाम विरोधात गेली.) त्यांचं म्हणणं, गावकी मोडत चालली आहे, भांडवलशाही आलीच आहे, आता कामगारच पुढे नेईल. १८९०नंतर अर्थमंत्री विट्टेने रेल्वे आणि पोलादाचा सपाटा लावला, पीटर्सबर्गच्या कापड गिरण्यांत १८९६-९७ला मोठे संप झाले आणि सरकारला कामाचा दिवस साडेअकरा तासांवर आणावा लागला. तेव्हा त्यांच्या म्हणण्याला वजन आलं.

सोशल डेमोक्रॅटांचा पक्ष मार्च १८९८मध्ये मिन्स्कला स्थापन झाला तेव्हा प्रतिनिधी होते नऊ. एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या लाकडी घरात, वाढदिवसासारख्या घरगुती समारंभाच्या निमित्ताने ते जमले होते. शेजारच्या खोलीत शेगडी पेटती ठेवली होती. पोलीस आलेच तर कागद आत टाकायचे. थोड्याच दिवसांत त्यांतले बहुतेक पकडले गेले. दुसरं अधिवेशन १९०३मध्ये ब्रुसेल्सला भरलं, तिथे पोलीस मागे लागले म्हणून लंडनला हललं, आणि तिथे पक्ष फुटला. भांडण होतं सभासद कुणाला म्हणायचं यावर. लेनिनचं म्हणणं, जो स्वतः पक्षाच्या एखाद्या गटात काम करतो तोच. मार्तोव्हचं म्हणणं, पक्षाच्या देखरेखीखाली नियमित मदत करणाराही. या कलमावर मार्तोव्ह २८ विरुद्ध २२ मतांनी जिंकला. नंतर ज्यू कामगारांच्या ‘बुंद’चे पाच आणि आणखी दोन प्रतिनिधी रागावून निघून गेले आणि पुढच्या निवडणुकांत लेनिनचा गट, म्हणजे पुढचे बोल्शेविक, वरचढ ठरला. परीक्षेत एवढं पुरेल. तुला स्वतःला कळावं म्हणून सांगतो : दोघांच्या डोक्यात पोलीसच होते. प्रश्न इतकाच, की पोलिसांपासून वाचायला पक्ष लहान आणि बंदिस्त करायचा, की इतका पसरायचा की सगळ्यांना धरताच येऊ नये.

पुण्याहून एक निवृत्त पोलीस अधिकारी : एसआर पक्षाच्या सशस्त्र शाखेचा प्रमुखच पोलिसांचा माणूस होता, असं वाचलं. नोकरीत खबरी मीही सांभाळले आहेत, त्यामुळे पटत नाही. पोलिसांना यात मिळालं काय?

येव्हनो आझेफ. गरीब ज्यू शिंप्याचा मुलगा. १८९३मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहला इंजिनिअरिंग शिकत असताना त्याने स्वतःहून रशियन पोलिसांना पत्र लिहिलं : बरोबरीच्या रशियन विद्यार्थ्यांची बातमी देतो. महिना पन्नास रूबल ठरले. पुढे एसआर पक्ष उभा राहत असताना तो आत शिरला. सशस्त्र शाखेचा संस्थापक गेरशुनी १९०३मध्ये कीव्हला पकडला गेला आणि त्याची जागा आझेफकडे आली.

नंतर जे झालं ते तुमच्यासारख्या माणसाने नीट बघण्याजोगं आहे. १९०४मध्ये गृहमंत्री प्लेव्हेला मारायचं ठरलं. आझेफचा सहकारी साव्हिंकोव्ह याच्या हाताखाली तरुणांनी टांगेवाल्याचा, सिगारेट विकणाऱ्या फेरीवाल्याचा वेश घेतला आणि पीटर्सबर्गच्या रस्त्यांवर आठवडेच्या आठवडे काढले. मंत्र्याची गाडी कधी निघते, कोणत्या वळणाने जाते, घोडे कसे आहेत, हे सगळं टिपलं. काल्यायेव्ह या तरुण कवीने फेरीवाल्याचं काम इतकं मन लावून केलं की खरे फेरीवाले त्याला आपल्यातलाच समजत. १५ जुलैला सझोनोव्हच्या बॉम्बने प्लेव्हे मेला. म्हणजे ज्या खात्याचा पगार आझेफ खात होता, त्याच खात्याचा मंत्री.

४ फेब्रुवारी १९०५ला मॉस्कोत क्रेमलिनच्या आत काल्यायेव्हने झारचा काका ग्रँड ड्यूक सर्गेई याला मारलं. दोनच दिवस आधी त्याला संधी आली होती. बॉम्ब हातात होता, गाडी समोर होती. पण गाडीत ड्यूकची बायको आणि दोन लहान मुलं दिसली आणि त्याने हात खाली घेतला. सोबत्यांनी त्याचं चूक म्हटलं नाही. मुलांना बघून थांबणारी ही माणसं ज्याच्या शब्दावर फाशी जायला तयार होती, तो दोन्हीकडचे पैसे मोजत होता. हे लिहिताना आजही मला स्वस्थ बसवत नाही.

पोलिसांना काय मिळालं? बऱ्याच अटका मिळाल्या. आझेफ काही कट सांगायचा, काही दाबून ठेवायचा. सांगितलेल्या कटांमुळे पोलीस अधिकाऱ्यांना बढत्या, आणि साधलेल्या कटांमुळे पक्षाचा त्याच्यावर आंधळा विश्वास. वरिष्ठांना त्याच्याबद्दल शंका येत, पण इतका मोठा खबरी हातचा जाऊ देण्याची कुणाची तयारी नव्हती. आणि पक्षाला? गुप्त संघटनेत निवडणूक नाही, हिशेब नाही, कोण कुठे आहे हे दोघा-तिघांनाच ठाऊक. अशा घरात आझेफसारख्याला प्रमुख होणं कठीण गेलं नाही. नरोदनाया वोल्यालाही हाच अनुभव आला होता : व्हेरा फिग्नरला पकडून देणारा देगायेव्ह तिचाच सहकारी.

आझेफला उघडं पाडलं ते पत्रकार व्लादिमीर बुर्त्सेव्हने. त्याच्या बोलण्यावर पक्षातलं कुणी विश्वास ठेवेना. सप्टेंबर १९०८मध्ये तो कोलोनहून बर्लिनला जाणाऱ्या आगगाडीत चढला, कारण त्या गाडीत लोपुखिन होता, रशियन पोलिसांचा माजी संचालक. बुर्त्सेव्ह त्याच्यासमोर बसला आणि ‘रास्किन’ या टोपणनावाच्या खबऱ्याने कोणकोणते खून घडवले ते तासन्‌तास सांगत गेला. लोपुखिन ऐकत राहिला. आपल्याच खबऱ्याने प्लेव्हेला मारवलं हे त्याला नवीन होतं. शेवटी तो म्हणाला, रास्किन मला ठाऊक नाही, पण इंजिनिअर आझेफला मी अनेकदा भेटलो आहे. पॅरिसला पक्षाने फिग्नर, क्रोपोत्किन आणि लोपातिन अशा तीन बुजुर्गांचं पंचमंडळ बसवलं होतं ते बुर्त्सेव्हच्या ‘बदनामी’चा निवाडा करायला. त्याच पंचांपुढे बुर्त्सेव्हने हे सांगितलं. आझेफ जर्मनीला पळाला आणि १९१८मध्ये बर्लिनला मेला. खरं बोलल्याबद्दल लोपुखिनवर खटला भरून झार सरकारने त्याला सायबेरियात धाडलं.

बोल्शेविकही यातून सुटले नव्हते. चौथ्या ड्यूमातला, म्हणजे रशियाच्या संसदेतला, त्यांचा आघाडीचा वक्ता मालिनोव्स्की पोलिसांचा होता, आणि त्याच्यावर लेनिनचा विश्वास होता.

लालबागहून एक ताई : आमचे पणजोबा गिरणीत होते. टिळकांना शिक्षा झाली तेव्हाच्या आपल्या संपावर लेनिनने लिहिलं होतं, असं घरात सांगत. खरं का?

खरं आहे. ‘केसरी’तल्या लेखांबद्दल २२ जुलै १९०८ला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस रस्त्यावर होते. लेनिन तेव्हा जिनिव्हात परागंदा होता. त्याच्या ‘प्रोलेतारी’ पत्रात, आपल्या तारखेने ५ ऑगस्टला, म्हणजे दोनच आठवड्यांत, जगभरच्या घडामोडींवर लेख आला. त्यात टिळकांचं नाव आहे, मुंबईतला संप आहे, आणि हिंदुस्थानातला कामगार आता जाणतेपणी राजकीय लढ्यात उतरला, असा निष्कर्ष आहे. तुमचे पणजोबा त्या गर्दीत असतील तर त्यांच्याबद्दलच ते लिहिलेलं आहे.

दुसरा धागा पॅरिसचा. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, पुढचे सेनापती बापट, १९०७-०८च्या सुमारास बंगालच्या हेमचंद्र दासांबरोबर तिथल्या रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची विद्या शिकले. त्यांच्याकडच्या रशियन पुस्तिकेचं इंग्रजी भाषांतर हिंदुस्थानात पोचलं. एक प्रत कलकत्त्यात सापडली, आणि १९०९मध्ये नाशिकला गणेश सावरकरांच्या घराच्या झडतीत त्याच मजकुराची टंकलिखित प्रत मिळाली. रशियन निहिलिस्टांच्या गुप्त संघटनेची माहिती असलेलं, जागोजागी खुणा केलेलं एक इंग्रजी पुस्तकही तिथे होतं. म्हणजे आपल्याकडच्या तरुणांनी रशियाकडून घेतलं ते बॉम्बचं तंत्र आणि गुप्त संघटनेची रचना. १९०५चा सार्वत्रिक संप, सोव्हिएत (कामगार प्रतिनिधींच्या समित्या), शेतकरी संघ ही रशियाची त्याहून मोठी शिकवण होती, आणि लालबाग-परळच्या कामगारांनी १९०८मध्ये कुणाचं पुस्तक न वाचता तिच्याच जवळचं काही करून दाखवलं.

लातूरहून एक वाचक : १९०५नंतर ड्यूमा मिळाली होती, निवडणुका होत होत्या. मग सनदशीर मार्ग का टिकला नाही? आणि एसआर एवढा मोठा पक्ष होता तर तो गेला कुठे?

ऑक्टोबर १९०५च्या संपाने आगगाड्या, छापखाने, वीज सगळं थांबलं तेव्हा झार निकोलसने १७ तारखेचा जाहीरनामा काढला. एप्रिल १९०६मध्ये ताव्रिचेस्की राजवाड्यात पहिली ड्यूमा बसली. तिने जमीनदारांची जमीन शेतकऱ्यांना देण्याचा विषय काढला आणि ७२ दिवसांत ती बरखास्त झाली. दुसरी त्याहून डावी निघाली. ३ जून १९०७ला तीही गेली, आणि शेतकरी-कामगारांचं प्रतिनिधित्व कापणारा नवा निवडणूक कायदा ड्यूमाला न विचारताच लागू झाला. मधल्या काळात पंतप्रधान स्तोलिपिनची फिरती लष्करी कोर्टं चालू होती : दोन दिवसांत खटला, चोवीस तासांत फाशी, वकील नाही. आठ महिन्यांत हजाराच्या वर माणसं त्यात गेली. स्तोलिपिनने शेतीत काही चांगलं केलं, शेतकऱ्याला स्वतःच्या नावावर जमीन काढून घेण्याची वाट दिली, हे मी मान्य करतो. पण फाशीच्या छायेत दिलेल्या सुधारणेवर लोकांनी भरवसा ठेवावा, ही अपेक्षा मला पटलेली नाही. एप्रिल १९१२मध्ये लेना नदीकाठच्या सोन्याच्या खाणीत सडक्या मांसाच्या तक्रारीवरून सुरू झालेल्या संपावर गोळीबार झाला. शेकडो कामगार मेले-जखमी झाले. गृहमंत्री मकारोव्ह ड्यूमात उभा राहून म्हणाला, असंच होत आलं आहे आणि असंच होत राहील. त्यानंतर संपांची जी लाट उठली ती महायुद्ध सुरू होईपर्यंत ओसरली नाही.

एसआर पक्षाचं कंबरडं आझेफने मोडलं होतं. तरी १९१७मध्ये खेडी त्यांच्याच मागे होती. झार गेल्यावर आलेल्या हंगामी सरकारात चेर्नोव्ह शेतीमंत्री झाला, आणि तिथे जमीनवाटप संविधान सभेपर्यंत थांबवायचं ठरलं. शेतकरी थांबायला तयार नव्हता. बोल्शेविकांनी सत्ता घेताच दुसऱ्या दिवशी जमिनीचा हुकूम काढला, आणि तो जवळजवळ एसआरचाच कार्यक्रम होता. नोव्हेंबरच्या निवडणुकीत तरीही एसआरना सर्वांत जास्त, ४० टक्क्यांच्या आसपास मतं पडली, बोल्शेविकांना चौथ्या हिश्श्याच्या जवळपास. ५ जानेवारी १९१८ला संविधान सभा त्याच ताव्रिचेस्की राजवाड्यात भरली, अध्यक्ष चेर्नोव्ह. पहाटे पहाऱ्यावरच्या नाविकांनी सभा आटोपायला सांगितली तेव्हा जमिनीच्या कायद्याची पहिली दहा कलमं घाईने मंजूर झाली. दुसऱ्या दिवशी सभासदांना आत जाऊ दिलं नाही. झारने दोन ड्यूमा मोडल्या त्याचा मला जितका राग येतो तितकाच याचाही येतो, आणि वर्गात शिकवताना मी तो कधी लपवला नाही.